वैशाखातले इंटरव्हल आणि वाटीभर दही

मंडळी, चार आठवडे काल पुरे झाले. रोज रात्री जेवल्यावर ऱ्हॅम्नोसस या पोटाला उपकारक जिवाणूची एक कॅप्सूल, बाकी पळण्याचा सराव होता तसाच: मंगळवारी पहाटे कमाटी बागेत इंटरव्हल, म्हणजे 400 मीटरच्या आठ वेगवान फेऱ्या, रविवारी 18 किलोमीटर.

चारच आठवडे का, तर 2011 साली इटलीत 24 खेळाडूंवर झालेला अभ्यास. सराव कसून चालू असताना त्यांतल्या निम्म्यांना चार आठवडे रोज 100 कोटी जिवाणू दिले, ऱ्हॅम्नोसस आणि त्याचा भाऊबंद पॅराकेसी निम्मे-निम्मे. दमवणाऱ्या व्यायामानं ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे ऑक्सिजनच्या उपद्रवी रेणूंचा पेशींवरचा मारा, वाढतो हे दिसलंच, पण जिवाणू घेणाऱ्यांच्या रक्तातली त्याला तोंड देण्याची ताकदही वाढली. खेळाडू मोजकेच, तेव्हा मी त्याला वाट दाखवणारा म्हणते, शिक्कामोर्तब नाही. डबी घेताना एक बघा: 2020 पासून या दोन्ही जिवाणूंचं आडनाव लॅक्टिकेसीबॅसिलस झालंय.

पोटाचा आणि पळण्याचा संबंध मला बडोद्याच्या उन्हानं शिकवला. जोरात पळताना रक्त स्नायूंकडे आणि कातडीकडे धावतं, आतड्याच्या वाट्याला कमी येतं. उकाड्यात तर फारच कमी. आतड्याचं अस्तर सैल पडतं, नको ते रक्तात झिरपतं, दाह वाढतो. चौदाव्या किलोमीटरला पोटात येणारी ती कळ आपण सगळ्यांनी सोसली आहे. आधीच्या चार रविवारांत मला ती तीनदा आली, या चारांत एकदा. सकाळची नाडी 58 वरून 56. पण याच महिन्यात मुलांना सुट्टी लागली आणि माझी झोप तासाभरानं वाढली, म्हणून नाडीचं श्रेय मी कॅप्सूलला देत नाही.

घरच्या दह्याचं विचाराल, तर ते वेगळं खातं. आपल्या विरजणात कोणते जिवाणू आहेत ते घरागणिक बदलतं, अभ्यासातले वाण त्यात असतीलच असं नाही. तरी दही मी सोडलं नाही. दुसऱ्या आठवड्यात मात्र फसलं. रात्रभर ओट्यावर राहिलं, सकाळी सटात वर पिवळसर पाणी, चमचा उचलला तर तार सुटली. तेव्हापासून करंगळी सुखानं बुडेल इतकंच कोमट दूध, लहान चमचाभर विरजण, आणि पाच तासांत सट फ्रिजमध्ये.

हाच ऑक्सिडेटिव्ह ताण कमी करायला घेतात त्या सी आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या मात्र बंद केल्या. 2009 च्या एका जर्मन अभ्यासात रोज 1000 मिलिग्रॅम सी आणि सोबत ई घेणाऱ्यांना व्यायामानं शरीराला इन्सुलिन जास्त चांगलं लागू पडतं, तो फायदा झालाच नाही. थोडा ताण स्नायूंना हवाच असतो, त्यातूनच ते घडतात. आमच्या गटात अजून तीन जण त्या गोळ्या घेतात, त्यांना हे मी कळकळीनं सांगतेय.

आता चार आठवडे कॅप्सूल बंद, फेऱ्या त्याच, रविवार तेच. शेजारच्या काकूंकडून नवं विरजण आणलंय, आज रात्री लावते.