तुम्ही विचारलंत म्हणून: पाऊस नाही, मग ऊस कशाला?

इंदापूर तालुक्यात शेती करतो असं सांगितलं, की पुण्या-मुंबईच्या माणसाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "तुमच्याकडे पाऊस नाही म्हणता, मग ऊस कशाला लावता?"

प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उसाला लागतं दोन हजारांच्या घरात पाणी. राज्यात लागवडीखालच्या जमिनीत उसाचा वाटा पाचेक टक्क्यांचा, पण सिंचनाचं निम्म्याहून अधिक पाणी त्यालाच जातं. हे आकडे आम्हालाही माहीत आहेत. तरी बांधाला बांध लागून ऊसच उभा आहे, त्याला कारणं आहेत.

नीरा नदी भोरच्या डोंगरातून येते. तिथे धो धो पाऊस, आणि सासवड-बारामती ओलांडेपर्यंत ढग रिकामे झालेले असतात. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारने नीरा डावा कालवा काढला, १८८५ च्या सुमारास त्यात पाणी सुटलं, आणि वर येळवंडी नदीवर भाटघरचं धरण झालं. हेतू असा की पाऊस हुकला तरी ज्वारी-बाजरी हाती लागावी. पण बऱ्या वर्षी शेतकरी पाणीच घेईना. पावसावर ज्वारी येत असेल तर पाणीपट्टी कोण भरणार? कालव्याचा खर्च निघेना. सरकारला दरवर्षी पाणी घेणारं, जास्त पट्टी भरणारं पीक हवं होतं. सासवडचे माळी बागाईतदार उसातले वाकबगार. ते कालव्याच्या कडेने खाली सरकत आले, जमिनी खंडाने घेतल्या, गुऱ्हाळं घातली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली. त्यात काही वर्षांचं पाणी एकदम मंजूर व्हायचं, पण ब्लॉकच्या ठरलेल्या हिश्शातच ऊस लावायचा, उरलेल्यात भुसार. मला ती पद्धत आजही शहाणपणाची वाटते, कारण ऊस किती लावायचा याला तिथे हद्द होती. पुढे १९३२ मध्ये त्याच माळी मंडळींनी माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभा केला, त्याच दशकात वालचंदनगर झालं, आणि स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखान्यांची रांग लागली. दुष्काळासाठी काढलेला कालवा असा उसाचा झाला, आणि त्याची सुरुवात आमच्या पणज्यांच्या काळातच झाली.

पण आज का? आज मी ऊस का लावतो?

पहिलं कारण पाण्याचं आहे, आणि ते बाहेरच्या माणसाला उलटं वाटतं. पाटाच्या पाण्यासाठी सात नंबरचा अर्ज भरला तरी आवर्तन, म्हणजे कालव्याची पाळी, कधी सुटेल, आणि सुटलेलं पाणी टेलपर्यंत, कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत, कधी पोचेल, हे खात्रीने कुणी सांगत नाही. वरच्या चाऱ्यांची, म्हणजे कालव्याच्या फाट्यांची, दारं बंद झाल्याशिवाय खाली धार येत नाही. पाळी दहा-पंधरा दिवस पुढे गेली तर काकडी, टोमॅटो माना टाकतात. ऊस पिवळा पडतो, वाढ खुंटते, पण मरत नाही. पाणी आलं की पुन्हा उठतो. ज्याला पाण्याची तारीख माहीत नाही, तो तग धरणारं पीकच निवडणार. सर्वांत जास्त पाणी पिणारं पीक पाण्याच्या बेभरवशामुळेच टिकलंय, हे धोरण ठरवणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं.

दुसरं, दर. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरली. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. कायद्याने पैसे १४ दिवसांत यायला हवेत, ते लांबतात, त्यासाठी आंदोलनं होतात. तरीही लावणीच्या दिवशी मला अंदाज असतो की अमुक इतके हाती येतील. कांद्याचा असा अंदाज कोण देईल? पट्टी हातात पडेपर्यंत गाडीभाडं तरी निघेल का, हीच धाकधूक. उसाला सोसायटीचं पीककर्ज मिळतं आणि ते बिलातूनच वळतं होतं. वाढ्यांवर, उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पाल्यावर, गाई-म्हशी जगतात, दुधाच्या पैशावर घरखर्च चालतो. उसाचं बिल जमा झालं की बाजारपेठेतलं कापडाचं, सोन्याचं, खताचं प्रत्येक दुकान हलतं. एका पिकाभोवती एवढं सगळं बांधलेलं असताना एकट्या शेतकऱ्याने त्यातून बाहेर पडायचं म्हणजे काय, हे विचारणाऱ्याने करून बघावं.

तिसरं कारण तोडणी. कारखान्याची टोळी येते, ऊस तोडून नेते. मजूर शोधायची कटकट माझ्या डोक्याला नसते. पण ते मजूर कोण? बीड, धाराशिव, अहिल्यानगरच्या कोरडवाहू गावांतली नवरा-बायको. त्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेऊन येतात, फडाच्या कडेला कोपी, म्हणजे झोपडी, घालून राहतात, पहाटेच्या थंडीत उसात शिरतात आणि मोळी डोक्यावर घेऊन बायका गाडीवर चढतात. लेकरांची शाळा सुटते ती सुटतेच. त्यांच्या गावी पाऊस आमच्याहून फार कमी पडतो असं नाही. आमच्याकडे कालवा आला, तिकडे आला नाही, एवढाच फरक. आमच्याच शेजारी, बारामतीच्या जिरायती पट्ट्यात, उन्हाळ्यात प्यायला टँकर लागतात. बागायती आणि जिरायती गावांत सोयरीक जुळवतानाही आधी पाणी विचारतात. उसावरच्या टीकेतली ही बाजू मला पूर्णपणे मान्य आहे आणि तिचा बचाव मी करत नाही.

जमिनीचंही तेच. पाटाने भरमसाट पाणी देऊन खोलगट भागातली काळी रानं चोपण, म्हणजे क्षार साचून नापीक, झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतच सरकारी शेतीतज्ज्ञ हॅरॉल्ड मान यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनी तपासल्या होत्या. शंभर वर्षांनी आता सच्छिद्र पाइप पुरून निचरा काढायची धडपड चालू आहे, आणि तो खर्च लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा आहे.

मग ऊस बंद करा, असं पुढे म्हणतात. बंदीने काही होणार नाही. आवर्तनाची तारीख हंगामाआधी लेखी द्या आणि पाळा. पाणी एकरावर न मोजता घनमीटरवर मोजून द्या, म्हणजे ठिबक करणाऱ्याला वाचलेलं पाणी वापरता येईल. तूर-हरभऱ्याची हमीभावाने खरेदी काढणीच्या वेळीच सुरू करा, व्यापाऱ्याने माल उचलल्यावर नको. एवढं तीन वर्षं सलग झालं, तर मी खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या खोडातून पुन्हा फुटणारं पीक, मोडून त्या रानात हरभरा पेरेन, आणि चारीवरचे निम्मे शेतकरी तेच करतील.