सिरीयल वायर काढून ब्लूटूथ लावताना

ज्या यंत्रातून टीएक्स (डेटा पाठवणारी), आरएक्स (डेटा घेणारी) आणि ग्राउंड अशा तीन तारा बाहेर काढता येतात, त्या यंत्राला ब्लूटूथ लावता येतं. आतल्या प्रोग्रामला त्याचा पत्ताही लागत नाही, त्याच्या लेखी पलीकडे अजून वायरच आहे. एचसी-०५, एचसी-०६ यांसारख्या ब्लूटूथ मॉड्यूलचं सगळं कौतुक यातच आहे आणि बहुतेक भानगडीही यातूनच होतात. वायरीला जे जुळवावं लागतं (व्होल्टेज, बॉड रेट म्हणजे डेटाचा वेग, पॅरिटी म्हणजे चूक पकडणारा जादा बिट, ओळीचा शेवट) ते इथेही जुळवावंच लागतं, फक्त चुकलं तर काही दिसत नाही. मॉड्यूल गप्प बसतं, एवढंच.

आधी जोडणी. एचसी-०५ च्या तयार बोर्डावर ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर असतो, म्हणून व्हीसीसीला (पुरवठ्याच्या पिनला) ५ व्होल्ट चालतात. त्यावरून आरएक्स पिनलाही ५ व्होल्ट चालतील असं समजू नका. रेग्युलेटर फक्त पुरवठ्यापुरता आहे, सिग्नलच्या पिना ३.३ व्होल्टच्याच. बोर्डाच्या पाठीवर बहुतेक वेळा तसं छापलेलंही असतं. ५ व्होल्टवर चालणाऱ्या अर्डुइनो उनो या कंट्रोलर बोर्डाच्या टीएक्सपासून १ किलोओहम, तिथून ग्राउंडला २ किलोओहम, आणि दोन्हींच्या सांध्यावरून मॉड्यूलचा आरएक्स. हा झाला व्होल्टेज डिव्हायडर, सांध्यावर ३.३३ व्होल्ट मिळतात. २ चा रेझिस्टर हाताशी नसेल तर १ किलोओहमचे दोन एकापुढे एक जोडा. डिव्हायडर न लावताही मॉड्यूल चालतं असं ऐकायला मिळतं. चालतं खरं, पण मर्यादेपलीकडच्या व्होल्टेजवर चालतं. उलट दिशेला काही लागत नाही, कारण ५ व्होल्टवर चालणारा उनोचा कंट्रोलर ३ व्होल्टच्या वरचा सिग्नल ‘हाय’ म्हणून ओळखतो.

उनोचे ० आणि १ हे पिन यूएसबीसोबत वाटून घेतलेले असतात. मॉड्यूल तिथे लावलं तर स्केच (अर्डुइनोचा प्रोग्राम) अपलोड होताना अडकतं. त्यापेक्षा सॉफ्टवेअर सिरीयल (साध्या पिनांवर सिरीयल चालवणारी लायब्ररी) वापरून १० आणि ११ घ्या: मॉड्यूलचा टीएक्स १० ला, ११ मधून डिव्हायडरमार्गे मॉड्यूलचा आरएक्स. सॉफ्टवेअर सिरीयलला ९६०० आरामात झेपतं, ३८४०० वर कमांड देण्याघेण्याचं काम भागतं, ११५२०० च्या वाटेला जाऊ नये.

आता कमांड. ‘एटी’ म्हणजे अटेन्शन, ‘लक्ष दे’. ही पद्धत १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमपासून चालत आली आहे. इथे कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना रोमन कॅपिटल अक्षरं वापरायची आणि मध्ये जागा सोडायची नाही.

एचसी-०५ चे दोन चेहरे आहेत. नुसतं चालू केलं तर ते डेटा मोडमध्ये उठतं: एलईडी भराभर लुकलुकतो, वेग बहुधा ९६००. बोर्डावरचं छोटं बटण दाबून धरून मग वीज दिली तर ते पूर्ण कमांड मोडमध्ये उठतं. तेव्हा एलईडी संथ होतो, साधारण दोन सेकंद चालू, दोन सेकंद बंद, आणि वेग ३८४०० असतो, डेटा मोडचा वेग काहीही ठेवलेला असला तरी. एलईडी भराभरच लुकलुकतोय आणि सिरीयल मॉनिटर (संगणकावरची कमांड टाइप करायची खिडकी) ३८४०० वर उघडलाय, ही नेहमीची चूक. वीज दिल्यानंतर बटण दाबलं तरी कमांड मोड मिळतो, पण तो डेटा मोडच्याच वेगावर, आणि नाव विचारण्यासारख्या काही कमांडना बटण दाबलेलंच ठेवावं लागतं. ‘एटी’ला ओके येतं, पण नाव विचारलं की शांतता. यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

दुसरी मेख ओळीच्या शेवटाची. एचसी-०५ ला प्रत्येक कमांडनंतर कॅरेज रिटर्न आणि न्यू लाइन दोन्ही लागतात, म्हणजे सिरीयल मॉनिटरमध्ये ‘बोथ एनएल अँड सीआर’. पहिल्याच ‘एटी’ला ‘एरर:(०)’ आलं तर घाबरू नका. वीज देताना बफरमध्ये पडलेला कचरा त्याला चिकटलेला असतो. पुन्हा पाठवलं की ओके येतं.

नाव बदलायला एटी+नेम=. पिन म्हणजे जोडणीचा पासवर्ड बदलायला एटी+पीएसडब्ल्यूडी=, पण काही फर्मवेअरना (मॉड्यूलच्या आतल्या प्रोग्रामना) तो दुहेरी अवतरणात हवा असतो, काहींना नुसता, म्हणून एक चालला नाही तर दुसरा द्या. वेगासाठी एटी+यूएआरटी=९६००,०,०. यातला दुसरा आकडा स्टॉप बिटचा (० म्हणजे एक, १ म्हणजे दोन) आणि तिसरा पॅरिटीचा (० काही नाही, १ विषम, २ सम). नवा वेग मॉड्यूल बंद करून पुन्हा चालू केल्यावर लागू होतो. सगळं विसकटलं तर मूळ सेटिंगवर नेणारी एटी+ओआरजीएल आहे, पण मूळ डेटाशीटप्रमाणे त्यानंतर डेटा मोडचा वेगही ३८४०० होतो. कालपर्यंत ९६०० वर चालणारं यंत्र आज कचरा का दाखवतंय, याचं कोडं तिथे सुटतं.

एचसी-०६ दिसायला जुळा भाऊ, स्वभाव वेगळा. तो फक्त स्लेव्ह होऊ शकतो, म्हणजे जोडणी समोरच्याने सुरू करावी लागते. जुन्या फर्मवेअरला ओळीचा शेवट नको असतो, बरोबरीचं चिन्ह नको असतं, आणि अख्खी कमांड एका दमात जावी लागते. अक्षर टाइप होईल तसं पाठवणारा टर्मिनल त्याला चालत नाही. एटी+बॉड४ म्हणजे ९६००, ८ म्हणजे ११५२००. बटण नाही, कारण जोडणी नसेल तेव्हा तो कमांड मोडमध्येच असतो. यात एक खोच आहे. तुमचं यंत्र सतत रीडिंग ओकत असेल, तर फोन जोडलेला नसताना ते सगळं एचसी-०६ कमांड समजूनच वाचत असतो. असं यंत्र असेल तर एचसी-०५ घ्या. जोडणी आहे की नाही ते सांगणारा त्याचा स्टेट पिन बाहेर काढलेला असेल तर तो पाहून, जोडणी असतानाच डेटा पाठवता येतो.

वजनकाटा, जुनं मोजमापाचं उपकरण यांना नऊ पिनांचा आरएस-२३२ पोर्ट असतो. तिथे डिव्हायडर पुरत नाही. त्या तारांवर उणे-अधिक व्होल्टेज असतं आणि तर्कही उलटा असतो. मध्ये मॅक्स३२३२ ही पातळी बदलणारी चिप लागते, ३.३ व्होल्टवर चालवलेली, म्हणजे मॉड्यूलच्या बाजूचं जुळतं. यंत्राच्या पुस्तिकेत ‘७ ई १’ (सात डेटा बिट, सम पॅरिटी, एक स्टॉप बिट) लिहिलं असेल तर थांबा: एचसी-०५ ची कमांड सात डेटा बिट ठेवू देत नाही. पण ७ बिट आणि सम पॅरिटी मिळून आठच होतात, म्हणून मॉड्यूल ‘८ एन १’ (आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट) वर ठेवून पलीकडच्या प्रोग्रामने आठवा बिट टाकून दिला की काम होतं.

दोन एचसी-०५ एकमेकांना कायमचे बांधायचे असतील, तर एकाला एटी+रोल=० (स्लेव्ह) देऊन एटी+एडीडीआर? ने त्याचा पत्ता विचारा. उत्तर २०१३:९:११०७५१ अशा थाटाचं येतं. पुढची शून्यं गळलेली असतात, ती भरायला जाऊ नका. दुसऱ्याला एटी+रोल=१ (जोडणी सुरू करणारा मास्टर), एटी+सीमोड=० (ठरलेल्या पत्त्यालाच जोड), मग एटी+बाइंड=२०१३,९,११०७५१. इथे कोलनच्या (:) जागी स्वल्पविराम हवा. पासवर्डचा पिन दोन्हीकडे सारखाच. बॉड रेट मात्र दोन टोकांना वेगळे चालतात, कारण मधला प्रवास रेडिओचा असतो. फक्त वेगवान टोकाने संथ टोकावर सलग मारा केला तर बफर भरून अक्षरं गळतात.

फोनच्या बाजूला दोन गैरसमज फार. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘पेअर्ड’ दिसणं म्हणजे जोडणी नव्हे. जोडणी टर्मिनल अ‍ॅप करतं आणि ती झाली की एलईडीची चाल बदलते. आणि आयफोनच्या अ‍ॅपला ही मॉड्यूल जोडता येत नाहीत, कारण क्लासिक ब्लूटूथचा सिरीयल पोर्ट प्रोफाइल तिथे उघडा नाही. त्यासाठी एचएम-१० सारखं बीएलई (ब्लूटूथ लो एनर्जी) मॉड्यूल घ्यावं लागतं. ते एका पाकिटात २० बाइटच नेतं, त्यामुळे लांब ओळ तुकड्यांत येते.

खरं तर तुकडे क्लासिकमध्येही पडतात. ‘२३.५’ कधी ‘२३’ आणि ‘.५’ असं दोन हप्त्यांत येईल. आलेला डेटा न्यू लाइन दिसेपर्यंत साठवायचा आणि मगच वाचायचा. मॉडबस आरटीयू या कारखान्यातल्या यंत्रांच्या सिरीयल प्रोटोकॉलचं इथे हमखास बिघडतं: त्यात ३.५ अक्षरांच्या शांततेवरून फ्रेम संपली असं ठरतं, ९६०० वर ती जेमतेम ४ मिलिसेकंद, आणि ब्लूटूथ मधल्या मध्ये त्याहून मोठी फट सहज पाडतो. तिथे टाइमआउट वाढवता येत नसेल तर तारच बरी.

सगळं चालल्यावर मॉड्यूल धातूच्या डब्यात बंद करू नका. नागमोडी अँटेना असलेलं टोक डब्याबाहेर किंवा प्लॅस्टिकच्या झाकणाखाली ठेवा, आणि त्याच्याखाली तांब्याचा थर किंवा तारांचा गुंता नको.