उणे की अधिक?

"पोरी, इथे उणे घालायचं की अधिक? परत एकदा सांग."

दुपारी सीएनसी लेथसमोर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथसमोर, आमचे प्रॉडक्शन मॅनेजर उभे होते. उमेदीची सगळी वर्षं साध्या लेथवर काढलेला माणूस. आणि शिकवणारी कोण, तर आयटीआय करून नुकतीच लागलेली अप्रेंटिस.

इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, बदलल्यावर जॉबचा, म्हणजे घडवायच्या तुकड्याचा, व्यास 50 मायक्रॉन (0.05 मिलिमीटर) जास्त येत होता. तिने वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे मापातली बारीक दुरुस्ती भरतात त्या रकान्यात, उणे 0.05 टाकलं, पुढचा जॉब काढला, पुसला, मायक्रोमीटर लावला. माप बरोबर! सरांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, खिशातली डायरी काढली आणि कूलंटने ओल्या झालेल्या बोटांनीच लिहून घेतलं. शेजारी तिचं नावही लिहिलं.

कुणीतरी म्हणालं, "सर, तुम्हाला कशाला हे? ऑपरेटर आहेत की."

"रिपोर्टवर सही माझी असते ना?"

हे वाक्य काही डोक्यातून जाईना. टीम लीडर झाल्यापासून न कळलेल्या कितीतरी गोष्टींवर मी नुसती मान हलवली आहे. विचारलं तर पोरं काय म्हणतील, ही भीती. पण माझ्या लाईनवरची पोरंही मला काही विचारत नाहीत, हे आज लक्षात आलं. त्यांची अडचण मला थेट रिजेक्शनच्या ट्रेमध्येच दिसते.

सर गेले आणि त्याच पोरीने शेजारच्या मशीनवर हाक मारली, "दादा, थ्रेडिंगचं मला नाही कळलं, दाखवता का?"

तुमच्याकडे साहेबाने चारचौघांत "मला शिकव" असं शेवटचं कधी म्हटलं होतं?