न गुरगुरणारा रॉटवायलर

मार्च 2024. तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार पिकअपमधून रॉटवायलर जातीचा कुत्रा घेऊन माझ्या दवाखान्यात आले. तोंडाला सुतळीचं मुसकं, गळ्यात गुरांची साखळी.

"डॉक्टर, इंजेक्शन देऊन मोकळं करा. माल उतरवायला आलेल्या गड्याचा हात फोडला यानं. आता सरकारनंच बंदी घातलीय, जातच तसली म्हणून."

त्या दिवसांत केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याचं पत्र गाजत होतं: रॉटवायलरसह कुत्र्यांच्या 23 जातींची आयात, पैदास, विक्री बंद करा. घरात आधीपासून असलेल्या कुत्र्यांची नसबंदी करा, एवढंच त्यात होतं; मारा असं नव्हतं. पुढं एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्र रद्दही केलं. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून बांधावर पोचेपर्यंत त्याचा फाशीचा हुकूम झाला होता.

खरं सांगायचं तर मलाही त्याच्याजवळ जायची हौस नव्हती. रेबीजच्या नियमानं वेळ मिळवून दिला. चावलेलं कुत्रं 10 दिवस नजरेखाली ठेवायचं असतं, त्यामुळं "आज नाही" म्हणता आलं. गड्यानं लस सुरू केलीय ना, तेवढं आधी विचारून घेतलं.

मग लांबूनच बघत बसलो. अंग ताठ, डोळ्यांच्या कडा पांढऱ्या दिसताहेत, जीभ सारखी नाकावर. आवाज मात्र शून्य.

"चावायच्या आधी गुरगुरला का?"

"छे! ती खोड पिल्लू असतानाच मोडली. गुरगुरला की काठी."

मी डोक्याला हात लावला. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याची "लांब हो" अशी सूचना. ती मारून बंद केली, तर भीती आतच राहते आणि पुढचं पाऊल थेट दात.

हळूहळू बाकीचं निघालं. पिल्लू आणलं 30 दिवसांचं. शेडच्या खांबाला बांधलं, ते आजतागायत चार फुटांच्या साखळीवर. परका माणूस दाखवायचा नाही, माणसाळला तर राखण कोण करणार? तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यात पिल्लू जग ओळखायला शिकतं; याला जग म्हणून खांब मिळाला. ज्यांचे पूर्वज जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांची गुरं हाकायचे, मांसाच्या गाड्या ओढायचे, त्यातला हा!

गुंगी देऊन तपासलं. दोन्ही कान पुवानं भरलेले, पट्ट्याखाली जखम. गड्यानं लाडानं कानामागंच हात घातला होता.

जात काहीच नसते, असं मी म्हणणार नाही. माझ्या हातावरचे बहुतेक व्रण पॉमेरेनियनचे आहेत, पण पॉमेरेनियन चावला तर टाका पडतो. चाळीस-पन्नास किलोचा कुत्रा चावला तर हात जातो. म्हणून तर अशा जातीचं पिल्लू जास्त जपून वाढवावं लागतं.

दहा दिवस गेले, कुत्रं ठणठणीत राहिलं. इंजेक्शनचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. कान साफ करायच्या निमित्तानं फेऱ्या चालू राहिल्या. काठी बंद, साखळीऐवजी जाळीचा मोठा खुराडा, तोंडाला नीट मापाचं मुसकं, रोज पहाटे माणसं नसताना बांधावरून फेरी. मालक कुरकुरत का होईना, करत गेले.

जूनमध्ये मी कानाकडं हात नेला आणि तो घशातून बारीक गुरगुरला. मालकांचा हात सवयीनं वर गेला.

"थांबा," मी म्हणालो, आणि माझाच हात मागं घेतला.