पाठकोरे कागद आणि चक जोन्स

माझ्या वडिलांचे सांगलीच्या गणपती पेठेत हळदीचे अडत दुकान होते. भागीदारी मोडून ते बंद झाले तेव्हा घरी आलेल्या सामानात लेटरहेडचे आणि बिलबुकांचे इतके गठ्ठे होते की पुढची कित्येक वर्षे आमच्याकडे कोणी कागद विकत आणला नाही. पाठकोरी बाजू आधी वापरायची आणि ती भरली की छापील मजकुराच्या आजूबाजूची मोकळी जागाही सोडायची नाही, असा घरचा दंडक होता. मी चित्रे काढायला शिकले ती त्या कागदांवर. इंटरमिजिएटच्या परीक्षेत समोर आलेल्या कोऱ्या पांढऱ्या कागदावर पहिली रेघ मारताना माझा हात का थरथरला, याचा उलगडा मात्र मला फार उशिरा, चक जोन्स या अमेरिकन कार्टून-दिग्दर्शकाचे आत्मचरित्र वाचताना झाला.

जोन्सचा जन्म १९१२ सालचा, वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनचा. बालपण गेले दक्षिण कॅलिफोर्नियात. त्याचे वडील एकामागून एक धंदे काढत आणि दर वेळी कंपनीच्या नावाचे उंची कागद व पेन्सिली घाऊक छापून घेत. धंदा बुडाला की तो सगळा साठा मुलांच्या हवाली होई. इथपर्यंतची हकिगत मला अगदी घरची वाटली. पण पुढे जोन्स सांगतो की कागदाच्या दोन्ही बाजूंना चित्र काढायची मुलांना सक्त मनाई होती, कारण बुडालेल्या धंद्याचे नाव घरातून लवकरात लवकर नाहीसे व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. त्यामुळे बिघडलेल्या चित्राची हळहळ त्या मुलांना कधी ठाऊकच झाली नाही. पुढे शुइनार्ड कलाशाळेत एका शिक्षकांनी, तुमच्या प्रत्येकाच्या हातात एक लाख वाईट चित्रे आहेत, ती जितकी लवकर बाहेर पडतील तितके बरे, असे सांगितले, तेव्हा वर्गातली मुले धास्तावली. जोन्सला मात्र हायसे वाटले, कारण आपण दोन लाखांचा टप्पा कधीच ओलांडला आहे, असा त्याचा हिशेब होता.

गंमत अशी की त्याची या धंद्यातली पहिली नोकरी चित्रे पुसण्याची होती. तेव्हा प्रत्येक हालचालीचे चित्र सेल नावाच्या पारदर्शक पत्र्यावर उतरवत आणि चित्रीकरण संपले की ते पत्रे धुऊन पुन्हा वापरत. अब आयवर्क्सच्या स्टुडिओत हे धुण्याचे काम जोन्सकडे होते. १९३३ साली तो वॉर्नर ब्रदर्स या चित्रपट कंपनीसाठी कार्टून बनवणाऱ्या लिऑन श्लेसिंगरकडे लागला, तिथे दिग्दर्शक टेक्स एव्हरीच्या हाताखाली ज्या मोडक्या इमारतीत तयार झाला तिला ही मंडळी ‘टर्माइट टेरेस’, म्हणजे वाळवीचे घर म्हणत, आणि १९३८ साली दिग्दर्शक झाला.

त्याची सुरुवातीची कार्टून्स मला कंटाळवाणी वाटतात. डिस्नेच्या छायेतली, गोडगोड आणि संथ अशी ती आहेत. १९४२ च्या ‘द डोव्हर बॉईज’मध्ये हा माणूस जागा झाल्यासारखा दिसतो. त्यात एका पवित्र्यातून दुसऱ्या पवित्र्यात जाताना पात्र चालत वा वळत नाही, तर मधल्या एखाद्या फ्रेमपुरता रंगाचा नुसता फराटा होऊन थेट पुढच्या पवित्र्यात उभे राहते. हे धाडस वरिष्ठांना रुचले नव्हते.

पण त्याची खरी करामत मोजणीत आहे. सहा-सात मिनिटांच्या या कार्टूनांत आधी भरपूर चित्रित करून मग कात्री लावण्याची चैन परवडत नसे. दिग्दर्शक प्रत्येक प्रसंगाची लांबी फ्रेमच्या हिशेबात आधीच ठरवून देई आणि मुख्य पवित्र्यांची शेकडो चित्रे स्वतः काढून ॲनिमेटरांच्या हाती ठेवी. १९४९ पासून रोडरनर पक्ष्याच्या मागे लागलेला तो हडकुळा कोयोटी, म्हणजे लांडग्याच्या जातीचा अमेरिकन प्राणी, कड्यावरून पडतो तेव्हा तो दरीत दिसेनासा होईपर्यंत १८ फ्रेम आणि त्यानंतर खाली आपटेपर्यंत १४ फ्रेम लागतात, असे जोन्स सांगत असे. एका सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे सगळा मामला दीड सेकंदाच्या आतला. आमची सांगली नाट्यपंढरी, आणि हौशी नाटकांचे पडदे रंगवताना मी विंगेतून इतके फार्स पाहिले आहेत की वाक्यापूर्वीचा पॉज जराही लांबला तर हशा कसा गळून जातो, हे मला पुरते ठाऊक आहे. रंगमंचावरचा नट प्रेक्षकांचा अंदाज घेऊन उद्याच्या प्रयोगात तो पॉज बदलू शकतो. जोन्सला मात्र रिकाम्या खोलीत कागदावर आकडा लिहून, थिएटरातले लोक अनेक महिन्यांनंतर कधी हसतील, हे ठरवावे लागे.

माझे सर्वांत आवडते कार्टून १९५३ चे ‘डक अमक’. त्यात डॅफी डक या बदकाच्या मागची पार्श्वभूमी न सांगता बदलते, आवाज जातो, अखेर रबर येऊन त्याला स्वतःलाच पुसून टाकते. तरीही तो नुसत्या चिडण्याच्या ढंगावरून डॅफी म्हणून ओळखू येतो. ज्याने नोकरीची सुरुवात पत्रे धुऊन केली, त्यालाच हे सुचावे, असे मला उगीच वाटते. १९५७ च्या ‘व्हॉट्स ऑपेरा, डॉक?’मध्ये त्याने जर्मन संगीतकार वाग्नरचे संगीत सहा-सात मिनिटांत बसवले आणि त्यासाठी लागणारा जादा वेळ दुसऱ्या कार्टूनच्या खात्यावर दाखवला. निर्माते एडी सेल्झर यांनी एकदा दारात येऊन, बैलांच्या झुंजीत विनोदी असे काही नाही, असे बजावले आणि त्यामुळेच आपण आणि लेखक मायकेल माल्टीज यांनी त्या विषयावर बग्ज बनी या सशाचे कार्टून केले, असेही जोन्स सांगे.

दुसऱ्या स्टुडिओच्या चित्रपटाची पटकथा लिहिल्यामुळे १९६२ मध्ये वॉर्नरशी त्याचा करार तुटला. नंतर एमजीएम या स्टुडिओसाठी त्याच्या चमूने टॉम अँड जेरीची ३४ कार्टून्स केली. ती देखणी आहेत, पण त्या मांजर-उंदरावर त्याचा जीव नव्हता, हे दिसते. त्याच काळातल्या ‘द डॉट अँड द लाइन’ला मात्र ऑस्कर मिळाले. किपलिंगच्या मुंगसाच्या गोष्टीवरची त्याची १९७५ ची ‘रिकी-टिकी-टावी’ मी कृष्णाकाठच्या मळीत मुंगसे पाहत वाढलेल्या डोळ्यांनी पाहिली आणि उभे राहून मान वळवण्याची ती लकब बरोबर पकडल्याबद्दल त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. १९९६ मध्ये त्याला मानद ऑस्कर देण्यात आले. २००२ साली तो गेला.

आत्मचरित्र वाचून झाले त्या आठवड्यात मी माळ्यावरचा लेटरहेडचा शेवटचा गठ्ठा भाच्यासमोर ठेवला आणि एकाच बाजूला काढायचे, असे बजावून सांगितले. त्याने दुपारभर पडणारी माणसे काढली, चाळीसेक तरी असतील. संध्याकाळी पाहते तो आईने ते सगळे कागद गोळा करून, नीट उलटे रचून चिमट्याला लावले होते आणि वरच्या कागदावर किराण्याची यादी सुरू झाली होती.