तक्रार नसताना केलेली तपासणी

मला काहीही होत नव्हतं. पाळी वेळेवर येत होती, पोटात दुखत नव्हतं, मधेच रक्त जात नव्हतं. चाळिशी आली म्हणून नेहमीच्या डॉक्टरांनी गर्भाशयमुखाची एचपीव्ही तपासणी, म्हणजे तिथल्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूची तपासणी, सुचवली आणि मी हो म्हटलं. तिथपासून उपचार संपेपर्यंत जे झालं ते सविस्तर लिहितेय, कारण ‘घाबरू नका, तपासणी करा’ एवढ्याने बायका जात नाहीत. टेबलावर नेमकं काय करतात, किती दुखतं, रिपोर्टचा अर्थ काय, हे कळलं की जातात. आजूबाजूच्या बायकांशी बोलून माझी तरी तशी खात्री झाली आहे.

नमुना घेण्याचं काम पटकन होतं. आडवं झोपून पाय वर घ्यायचे, डॉक्टर स्पेक्युलम घालून योनिमार्ग उघडा धरतात आणि छोटा ब्रश गर्भाशयाच्या तोंडावर गोल फिरवतात. दाब जाणवतो, थोडं अवघडल्यासारखं होतं. मला दुखलं नाही. ज्यांना फार त्रास होतो त्यांनी लहान आकाराचं स्पेक्युलम वापरा असं बेलाशक सांगावं. एचपीव्हीसाठी स्वतःच नमुना घ्यायची पद्धतही आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिलेली आहे. लाजेपायी तपासणी टाळणाऱ्यांसाठी ती फार मोलाची आहे.

रिपोर्ट आला: एचपीव्ही १६, पॉझिटिव्ह.

तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते. डॉक्टरांनी मात्र घाईने काहीच गुंडाळलं नाही. त्यांनी सांगितलं की एचपीव्ही हा विषाणू इतका सर्रास आढळतो की शरीरसंबंध आलेल्या बहुतेक सगळ्या स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होते. बहुतेकांचं शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला परतवून लावतं, त्यांना पत्ताही लागत नाही. काहींच्या शरीरात तो ठाण मांडतो. अशा वेळी गर्भाशयमुखाच्या पेशी हळूहळू बदलू लागतात आणि त्यातून कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती कमी असेल तर ५ ते १०. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं मूळ या विषाणूत आहे हे दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउसन यांना २००८ साली नोबेल मिळालं. एचपीव्हीचे पुष्कळ प्रकार आहेत, पण एकट्या १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे या कर्करोगाचे सुमारे ७० टक्के रुग्ण होतात. म्हणून १६ निघाला की थांबत नाहीत, थेट कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुखाची बारकाईने पाहणी, करतात.

घरी आल्यावर खरा अवघड प्रश्न पुढे आला: हा आला कुठून? नवऱ्याच्या चेहऱ्यावर तो दिसत होता आणि माझ्याही मनात होताच. पुढच्या भेटीला मी त्याला सोबत नेलं. हा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो, त्यामुळे तो कधी आणि कुणाकडून आला हे कुठलीही तपासणी सांगू शकत नाही, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून स्पष्ट केलं. पॉझिटिव्ह रिपोर्टवरून कुणाच्या चारित्र्याचा निवाडा होत नाही. जनजागृतीच्या पत्रकांत ही गोष्ट सगळ्यात वर आणि ठळक छापली पाहिजे असं मला वाटतं. कर्करोगाची भीती सोसणाऱ्या बायकाही संशयाच्या भीतीने रिपोर्ट लपवतात.

कॉल्पोस्कोपीत पुन्हा स्पेक्युलम असतं, फक्त जास्त वेळ. बाहेर ठेवलेल्या यंत्राच्या भिंगातून डॉक्टर गर्भाशयमुख मोठं करून बघतात. त्यावर सौम्य अॅसेटिक आम्ल लावतात. खोलीभर व्हिनेगरचा वास पसरला, थोडं चुरचुरलं. मग समोरच्या पडद्यावर गुलाबी भागावर एक पांढरा डाग हळूहळू उमटत गेला. डॉक्टर नर्सला म्हणाल्या, “दोनच्या जागी.” घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे त्या जागा नोंदवतात. त्यानंतर आयोडीन लावलं. निरोगी भाग गडद तपकिरी झाला, तो डाग तेवढा पिवळट राहिला.

बायॉप्सी, म्हणजे तपासायला त्या जागेचा छोटा तुकडा, घेताना डॉक्टर म्हणाल्या, “जोरात खोका.” मी खोकले आणि त्याच क्षणी चिमटा बसला. पाळीत येते तशी एक कळ आली आणि गेली. रक्त थांबवायला काळपट दाट औषध लावलं. पुढचे काही दिवस अंगावरून काळसर कण जातात, ते या औषधामुळे. हे आधी माहीत नसेल तर बाई हादरूनच जाईल, म्हणून मुद्दाम लिहिलं.

निदान आलं सीआयएन ३. म्हणजे पेशींमधला बदल वरच्या श्रेणीचा, पण वरच्या थरातच असलेला. कर्करोगाच्या आधीची अवस्था. न्यूझीलंडमधल्या जुन्या नोंदींवरून असं दिसलं आहे की सीआयएन ३ वर पुरेसे उपचार न झालेल्या बायकांपैकी सुमारे ३० टक्के जणींना ३० वर्षांत कर्करोग झाला. आणि मला तर त्याचं एकही लक्षण जाणवलं नव्हतं.

उपचाराचं नाव लीप. त्या जागेपुरतं इंजेक्शन देऊन भूल देतात. इंजेक्शननंतर मिनिटभर छाती धडधडली, हात थरथरले. ते औषधामुळे होतं आणि लगेच ओसरतं, असं नर्स माझा हात धरून सांगत होती. मांडीवर एक चिकट पट्टी लावलेली होती. विजेच्या बारीक तारेच्या फासाने तो भाग कापून काढला, धूर ओढून घेणाऱ्या यंत्राचा घरघर आवाज येत राहिला, आणि प्रत्यक्ष काम मी तयारी करून बसले होते त्याच्या मानाने फारच लवकर आटपलं. त्याच दिवशी घरी आले. नंतर काही आठवडे स्राव, वजन उचलायचं नाही, शरीरसंबंध नाही. पुढे मूल हवं असणाऱ्यांनी लीपच्या आधी डॉक्टरांशी जरूर बोलावं, कारण मोठा भाग काढला तर वेळेआधी प्रसूती होण्याचा धोका थोडा वाढतो.

काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ निघाल्या, आत कर्करोग नव्हता. नंतरची एचपीव्ही तपासणी निगेटिव्ह आली. तरी पुढची किमान २५ वर्षं ठरावीक अंतराने तपासत राहायचं आहे.

२०२२ मध्ये जगभरात सुमारे ६ लाख ६० हजार बायकांना हा कर्करोग झाला आणि साडेतीन लाख गेल्या. ज्याची आधीची अवस्था इतकी वर्षं सापडण्यासारखी असते, त्या आजाराचे हे आकडे आहेत. मला ते सहन होत नाहीत, म्हणून आता जिथे चार बायका भेटतील तिथे मी हा विषय काढते.

प्रश्न बहुतेक तेच असतात. एचपीव्हीची लस घेतली असेल तर? तरीही तपासणी हवी, कारण लस सगळ्या प्रकारांवर चालत नाही आणि आधी झालेली लागण बरी करत नाही. म्हणूनच ती ९ ते १४ या वयात देणं सगळ्यात चांगलं. माझ्या मुलीला दिली. सगळे कर्करोग एका रक्ततपासणीत कळतात का? नाही, आणि तसं सांगून विकल्या जाणाऱ्या पॅकेजवर मी विश्वास ठेवत नाही. निरोगी बाईने ट्यूमर मार्कर, म्हणजे कर्करोगात वाढू शकणारे रक्तातले घटक, तपासून घेतले तर बहुधा हाती विनाकारण काळजीच लागते. संबंधानंतर रक्त जातं, दोन पाळ्यांच्या मधे जातं, पाळी गेल्यावर पुन्हा दिसलं, तर? मग हे अंगावर काढू नका, तपासणीच्या ठरलेल्या वर्षाची वाट न बघता लगेच डॉक्टरकडे जा.

आणि पन्नाशीच्या पुढच्या बायका हमखास विचारतात, पाळी गेली, आता मला कशाला? आधीच्या तपासण्या नियमित झालेल्या असतील आणि लागोपाठ निगेटिव्ह असतील, तर एका वयानंतर डॉक्टरच थांबायला सांगतात. एकदाही केली नसेल तर मात्र पाळी गेलेली असली तरी करायचीच.