१ तास ७ मिनिटं

जळगावात माझं छोटंसं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. तेव्हा सकाळचे साडेदहा झाले असतील, शटर नुकतंच वर केलेलं, अगरबत्ती पण लावायची होती, तेवढ्यात एक जण पायात स्लिपरवरच आला आणि मोबाईल माझ्यासमोर धरून म्हणाला, "साहेब, ह्या विमानाचं एक तिकीट द्या, कितीबी असू दे." स्क्रीनवर जळगाव ते कोल्हापूर, साधारण ५०० किलोमीटर, फ्लाईट टाईम १ तास ७ मिनिटं.

माणूस कोल्हापूरकडचा, इथे दालमिलमध्ये कामाला. वडील पहाटे गेले होते.

आता याला कसं सांगू की असं विमानच नाही. त्या साईटवाल्यांचं काय असतं, दोन्ही विमानतळांचे अक्षांश रेखांश घेतात, सरळ रेघ मारतात, ताशी ८०० च्या स्पीडने भागतात (म्हणजे ३७ मिनिटं) आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर टाकतात, झालं. विमान त्या रेघेवर उडतं का नाही हे कुणी बघतच नाही. आणि उडालं असतं तरी आपल्याकडे छोट्या विमानतळांवर बऱ्याचदा एटीआर येतं, पंख्याचं, ते जेमतेम ५०० च्या स्पीडने जातं, म्हणजे तो आकडा तसाही खोटाच.

"पण लिवलंय की हितं," तो परत परत तेच. मी मुंबईवरून बघितलं तर आपलं विमान पोचेपर्यंत तिकडून कोल्हापूरचं निघून गेलेलं असणार. महाराष्ट्र एक्सप्रेस थेट जाते खरी, पण ती संध्याकाळी इथून, कोल्हापूरला दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर कोण थांबणार.

शेवटी ओळखीच्या गाडीवाल्याला फोन लावला. अजिंठ्याचा घाट, संभाजीनगर, नगर, पुणे, रस्त्याने सव्वासहाशेच्या आसपास. या माणसाच्या भावाने तिकडून फोन केला तर याला बोलता येईना, मोबाईल माझ्या हातात दिला. भाऊ विचारतोय, "दादा विमानानं येतोय न्हवं? मग दुपारपतोर येईल की." मी म्हटलं नाही हो, गाडीने निघतायत, रात्रीचे बारा धरा. पलीकडे बराच वेळ कुणी बोलेना, मागे बायकांच्या रडण्याचा आवाज तेवढा येत होता. मग म्हणाला, "बरं. बर्फ सांगतो."

अकराला गाडी निघाली. स्लिपरवरच गेला तो.

मी दिवसभर दुसरी तिकिटं काढत बसलो पण अर्धं लक्ष घड्याळात. रात्री पावणेबाराला त्याचाच फोन, "साहेब, किणी टोलनाका सोडला आत्ताच, अर्ध्या तासात घरात." मी हां हां म्हटलं, आणखी काय बोलणार. तर म्हणाला, "सकाळी गडबडीत इचारायचं ऱ्हायलं, तुमचं किती झालं?"